‘पोटातली गाठ’ नेमकी कुठली? कोल्हापुरात हातात पडणाऱ्या जिस्ट-रिपोर्टची पारख

मराठीत ‘पोट’ हा शब्द फार ऐसपैस आहे. जठर म्हणजे पोट, आतडं म्हणजेही पोट, आणि खाली ओटीपोट आहेच. आजरा-चंदगडकडून आलेला पेशंट ‘पोटात गाठ हाय’ एवढंच सांगतो. घरचेही तेच सांगतात आणि ओपीडीच्या कागदावर तेच इंग्रजीत उतरतं. ऑपरेशननंतर बायोप्सीच्या बरणीला जी चिठ्ठी चिकटवली जाते, तिच्यावरही पुष्कळदा तेवढंच असतं. इतर बऱ्याच गाठींत यानं फारसं अडत नाही. जिस्टमध्ये अडतं, कारण गाठ जठराची की लहान आतड्याची, या एका गोष्टीवर पुढची तीन वर्षं रोज गोळी घ्यायची की नाही हे ठरू शकतं.

जिस्ट म्हणजे गॅस्ट्रोइंटेस्टायनल स्ट्रोमल ट्यूमर. अन्ननलिकेपासून गुदद्वारापर्यंतच्या नळीच्या भिंतीत स्नायूंना आकुंचनाची लय देणाऱ्या काहाल पेशी असतात. त्या किंवा त्यांच्याच वंशातल्या पेशींपासून ही गाठ तयार होते. जठराचा किंवा आतड्याचा नेहमी ऐकू येणारा कॅन्सर आतल्या अस्तरातून उगवतो, तो आजार वेगळा आणि त्याचे उपचारही वेगळे. (तांबड्या रश्श्यानं झालं का, हा प्रश्न घरचे हमखास विचारतात. जिस्टचा तिखटाशी किंवा मटणाशी संबंध असल्याचं आढळलेलं नाही. स्वयंपाक करणाऱ्या माउलीनं ते ओझं मनावर घेऊ नये.)

ही पारख कुठल्या एका लॅबची नाही, एका सेवेची आहे: थिएटरमधून बरणी निघाल्यापासून छापील रिपोर्ट हातात पडेपर्यंतची. राजारामपुरीतली खासगी लॅब असो, सीपीआरचं सरकारी रुग्णालय असो की गडहिंग्लजच्या छोट्या हॉस्पिटलातून पार्सलनं गेलेला नमुना असो, बाहेरच्या पाटीपेक्षा रिपोर्टमधल्या ओळी महत्त्वाच्या. आमचं मत आधीच सांगतो. गाठीचं नाव सांगण्यात ही सेवा पक्की आहे, गाठीचं ठिकाण लिहिण्यात कच्ची आहे आणि मायटोसिस (विभागत असलेल्या पेशी) मोजण्यात बेभरवशाची आहे. दुर्दैवानं पेशंटचं आयुष्य शेवटच्या दोन गोष्टींवरच जास्त अवलंबून असतं.

सगळा मुद्दा आकड्यांवर उभा आहे, म्हणून ते आधी. सुमारे ६० टक्के जिस्ट जठरात होतात, ३० टक्के लहान आतड्याच्या जेजुनम आणि इलियम या भागांत. ४-५ टक्के ड्युओडेनममध्ये (जठराला लागून असलेला लहान आतड्याचा पहिला भाग), जवळपास तितकेच गुदाशयात, १-२ टक्के मोठ्या आतड्यात आणि अन्ननलिकेत एक टक्क्याहूनही कमी. अमेरिकेच्या सैन्यदलाच्या पॅथॉलॉजी संस्थेत मार्कू मिएटिनेन आणि येझी लासोता यांनी जठरातल्या १,७६५ आणि लहान आतड्यातल्या ९०६ गाठींचा पाठपुरावा केला. जठराच्या जिस्टमुळे दगावणाऱ्यांचं प्रमाण १७ टक्के निघालं, लहान आतड्याच्या जिस्टमध्ये ३९ टक्के, म्हणजे दुपटीहून जास्त. हे बहुतेक पेशंट इमॅटिनिब ही जिस्टवरची गोळी येण्याआधीचे होते, त्यामुळे हा आकडा गाठीचा मूळ स्वभाव सांगतो, औषधाची किमया त्यात मिसळलेली नाही.

आता कुणी म्हणेल की आतड्यातली गाठ उशिरा सापडते, म्हणून मोठी होते, म्हणून वाईट. हे अर्धंच खरं आहे. जठरापर्यंत दुर्बीण सहज पोहोचते, रक्तस्राव झाला की काळी शौच होते, एंडोस्कोपी होते आणि गाठ सापडते. लहान आतड्याच्या मधल्या भागात साधी दुर्बीण पोहोचतच नाही. पण आकार सारखा धरला आणि मायटोसिस सारखे धरले, तरी फरक उरतोच. याच संशोधकांच्या २००६ च्या तक्त्यात गाठ ५ ते १० सेंटिमीटरची आणि ठरावीक क्षेत्रात मोजलेले मायटोसिस ५ किंवा कमी असतील, तर आजार पसरण्याची शक्यता जठरात ३.६ टक्के, जेजुनम-इलियममध्ये २४ टक्के. ड्युओडेनममध्ये ५ सेंटिमीटरच्या वरच्या सगळ्या गाठी एकत्र धरून ३४ टक्के आणि गुदाशयात ५७ टक्के. १० सेंटिमीटरच्या वर गेली तर जठरात १२ टक्क्यांच्या आसपास, लहान आतड्यात ५२. मायटोसिस ५ पेक्षा जास्त आणि आकार २ ते ५ सेंटिमीटर, म्हणजे पेरूएवढी गाठ, तर जठरात १६ टक्के आणि लहान आतड्यात ७३. अगदी लहान, २ सेंटिमीटरच्या आतली आणि मायटोसिस कमी असलेली गाठ मात्र कुठेही असली तरी धोका जवळपास शून्य. आणि १० सेंटिमीटरच्या पुढे, मायटोसिसही जास्त, तर जठर ८६ आणि आतडं ९०, तिथे ठिकाणाचा फरक पुसून जातो. ठिकाण सगळ्यात जास्त बोलतं ते मधल्या आकारांत, आणि नेमकं तिथेच औषध द्यायचं की नाही हा निर्णय अडकलेला असतो.

म्हणून ज्या रिपोर्टच्या शेवटी ‘स्पिंडल सेल ट्यूमर, सीडी११७ पॉझिटिव्ह, जिस्ट. क्लिनिकल माहितीशी ताडून पाहावे’ एवढंच लिहिलेलं असतं, त्याला आम्ही अपुरा म्हणतो. त्यात चूक काहीच नाही, पण त्यावरून पुढचं पाऊलही टाकता येत नाही.

चूक लॅबची असते असं मात्र नाही. सुरुवात चिठ्ठीपासून होते. लॅबमधल्या माणसाला बरणीत मांसाचा गोळा दिसतो, तो पोटाच्या पोकळीत कुठे बसला होता हे त्याला दिसत नाही. जठराच्या भिंतीचा तुकडा सोबत असेल तर सूक्ष्मदर्शकाखाली अस्तर ओळखता येतं. पण जिस्ट पुष्कळदा बाहेरच्या बाजूला, देठावर लोंबकळत वाढते आणि सर्जन देठाशीच कापतो. मग अस्तराचा मागमूसही नसतो. जठराच्या मागच्या भिंतीवरची अशी गाठ सीटीवर स्वादुपिंडाची किंवा प्लीहेची वाटू शकते. आतड्याची गाठ ओटीपोटात उतरून बसली तर बाईच्या सोनोग्राफीत अंडाशयाची गाठ किंवा गर्भाशयाचा फायब्रॉइड म्हणून लिहिली जाते आणि बरणीवर ‘ओव्हरी’ असं लेबल लागतं. पोट उघडल्यावर सर्जनला किंवा स्त्रीरोगतज्ज्ञाला गाठ आतड्याला चिकटलेली दिसते, ऑपरेशनच्या नोंदीत ते लिहिलंही जातं, फक्त चिठ्ठी आदल्या दिवशीच भरून ठेवलेली असते.

चिठ्ठीवर काय हवं? ‘पोट’ किंवा ‘ॲब्डॉमिनल मास’ नको. ‘जठर, मोठ्या वळणाकडची मागची भिंत, फंडसजवळ, बाहेर वाढलेली, वेज रिसेक्शन’ असं हवं. किंवा ‘जेजुनम, डीजे फ्लेक्शरपासून ४० सेंटिमीटर, आतड्याच्या तुकड्यासह’. ड्युओडेनम असेल तर कितवा भाग. गुदाशय असेल तर गुदद्वारापासून किती अंतर. ओमेंटम किंवा मेसेंटरीत (आतड्यावरच्या चरबीच्या पदरात किंवा आतड्याला धरून ठेवणाऱ्या पडद्यात) सापडली असेल तर आतडं आणि जठर पूर्ण तपासून पाहिलं का, कारण ओमेंटममधली एकटी गाठ बऱ्याचदा जठरावरून सुटून आलेली असते किंवा दुसरीकडच्या गाठीचं बी असतं. याच चिठ्ठीवर आणखी दोन वाक्यं हवीत. एक, गाठ अखंड निघाली की फुटली. दोन, ऑपरेशनआधी इमॅटिनिब दिलं होतं का.

फुटण्याबद्दल थोडं थांबून. जिस्टला खरं आवरण नसतं, वरचा पापुद्रा पातळ असतो आणि आतला गाभा कित्येकदा मऊ, रक्ताळलेला असतो. चिमट्यानं धरली तरी ती फुटू शकते. ऑपरेशनच्या आधीच पोटात फुटली, काढताना फुटली किंवा तुकडे करून काढावी लागली, तर पेशी पोटभर विखुरतात. तेव्हा आकार आणि ठिकाण काहीही असलं तरी धोका ‘उच्च’ धरला जातो. ही गोष्ट पॅथॉलॉजिस्टला बरणीत कळतेच असं नाही, कारण वरचा छेद ऑपरेशनमधला की बरणीत घालताना पडलेला, हे फक्त थिएटरमधल्यांना माहीत असतं. दुर्बिणीच्या ऑपरेशनमध्ये गाठ पिशवीत घालून काढली का, हेही लिहावं.

आता बरणी. इथे आमची नाराजी सगळ्यात जास्त आहे, कारण हे सुधारायला खर्च येत नाही. १० टक्के बफर्ड फॉर्मालिन हवं, म्हणजे बाजारात मिळणारं संहत फॉर्मालिन १ भाग आणि बफरचे क्षार घातलेलं पाणी ९ भाग. ते नमुन्याच्या दहापट असावं. ८ सेंटिमीटरची गाठ सलाईनच्या रिकाम्या बाटलीत कोंबून वरून चार बोटं फॉर्मालिन ओतलं, तर ते फक्त सालीपर्यंत पोहोचतं. फॉर्मालिन तासाला साधारण एक मिलिमीटर आत शिरतं आणि जितकं खोल जाईल तितका वेग कमी होत जातो. सालीपासून गाभ्यापर्यंत ४ सेंटिमीटर असतील तर निदान दीड-दोन दिवस लागतात आणि तेवढ्यात गाभा नासायला लागतो. उन्हाळ्यात गगनबावड्याहून किंवा चंदगडहून नमुना दुसऱ्या दिवशी निघत असेल तर आणखी बिकट.

नासण्याचा परिणाम फक्त ‘स्लाइड खराब दिसते’ एवढाच नसतो. पेशी विभागत असताना तिच्यातले गुणसूत्रांचे पुंजके दिसतात, त्यालाच मायटोसिस म्हणतात. फॉर्मालिन उशिरा पोहोचलं तर मायटोसिसचा आकडा खोटा कमी येतो. काही पेशी विभाजन उरकून टाकतात, काही आकसून काळा ठिपका होतात आणि मेलेल्या पेशींत मिसळून जातात. म्हणजे आक्रमक गाठ कागदावर शांत दिसते. बरणीतला हलगर्जीपणा असा थेट धोक्याच्या गटात उतरतो. उपाय साधा आहे: लॅब जवळ असेल तर नमुना ताजाच लगेच पोहोचवावा; लांब असेल तर सर्जननं कडांवर धागे बांधून, पॅथॉलॉजिस्टला फोनवर विचारून, गाठीवर एकच सरळ काप द्यावा आणि रुंद तोंडाच्या डब्यात भरपूर फॉर्मालिन घालावं. फॉर्मालिनमध्ये कधी बुडवलं ती वेळ डब्यावर लिहावी. ताज्या अवस्थेत तीन मापं घेतली तर उत्तम, कारण फॉर्मालिनमध्ये गाठ आकसते आणि ५.२ सेंटिमीटरची ४.९ झाली तर तक्त्यातली ओळच बदलते.

मायटोसिसची मोजणी हा या सेवेचा सगळ्यात नाजूक सांधा. जुने तक्ते ‘५० हाय पॉवर फील्डमध्ये ५’ या मापावर बांधलेले आहेत (हाय पॉवर फील्ड, थोडक्यात एचपीएफ, म्हणजे मोठ्या भिंगाखाली एका वेळी दिसणारं दृश्य). पण ते ५० फील्ड जुन्या, अरुंद दृश्याच्या सूक्ष्मदर्शकाचे होते आणि त्यांचं एकूण क्षेत्रफळ भरत होतं ५ चौरस मिलिमीटर. आज लॅबमध्ये असलेल्या आयपीसवर (डोळ्याजवळच्या भिंगावर) २२ हा आकडा कोरलेला असेल, तर ४० च्या भिंगाखाली दृश्याचा व्यास ०.५५ मिलिमीटर येतो, क्षेत्रफळ ०.२४ चौरस मिलिमीटरच्या जवळ. म्हणजे ५ चौरस मिलिमीटर भरायला २१ फील्ड पुरतात. आकडा २० असेल तर २५-२६, १८ असेल तर ३१-३२. २२ च्या आयपीसखाली कुणी प्रामाणिकपणे ५० फील्ड मोजली, तर त्यानं जवळजवळ १२ चौरस मिलिमीटर मोजले, म्हणजे सव्वादोन पटीहून जास्त.

उदाहरण घ्या. जेजुनमची ६ सेंटिमीटरची गाठ, रिपोर्टवर ‘७ मायटोसिस, ५० एचपीएफ’. तक्त्यात पाहिलं तर ८५ टक्के. पण ही मोजणी २२ च्या आयपीसखालची असेल, तर ५ चौरस मिलिमीटरमध्ये खरे ३ च मायटोसिस आहेत आणि धोका २४ टक्के. जठराच्या त्याच आकाराच्या गाठीत हाच गोंधळ ५५ टक्के आणि ३.६ टक्के यांच्यामधला असतो. म्हणून रिपोर्टवर ‘एचपीएफ’ न लिहिता ‘५ चौरस मिलिमीटरमध्ये इतके’ असंच लिहिलेलं असावं. एवढी एक ओळ ज्या लॅबच्या रिपोर्टमध्ये असते, तिच्यावर विश्वास ठेवायला हरकत नाही. ‘२-३ प्रति १० एचपीएफ’ असं लिहिलेलं दिसलं तर नम्रपणे परत विचारावं. दहा फील्डचा आकडा पाचानं गुणून पन्नासचा होत नाही, कारण ती दहा फील्ड बहुधा सगळ्यात गजबजलेल्या जागेची असतात.

मोजणी सगळ्यात सक्रिय भागातून सुरू करायची, हेही महत्त्वाचं. त्यासाठी गाठीतून पुरेसे ब्लॉक (मेणात बसवलेले तुकडे) घेतलेले असले पाहिजेत, साधारण सेंटिमीटरमागे एक. १२ सेंटिमीटरच्या गाठीतून दोनच ब्लॉक घेतले असतील तर ‘मायटोसिस कमी’ या वाक्याला फारसं वजन नाही. सुईच्या बायोप्सीत तर ५ चौरस मिलिमीटर ऊती मिळतच नाहीत बहुतेक वेळा. तिथे किती क्षेत्र मोजलं ते लिहून थांबणं हाच प्रामाणिकपणा. केआय-६७ या वाढ दाखवणाऱ्या रंगाचा टक्का मायटोसिसच्या जागी चालत नाही.

इम्युनोहिस्टोकेमिस्ट्रीबद्दल, म्हणजे पेशींतली ठरावीक प्रथिनं रंगवून गाठ ओळखण्याच्या तपासणीबद्दल, तक्रार कमी. सीडी११७ सुमारे ९५ टक्के जिस्टमध्ये रंगतं, डॉग-१ सोबत केलं की सुटणारे फार थोडे. डेस्मिन रंगलं तर लायोमायोमाकडे (स्नायूची गाठ) पाहायचं, एस-१०० रंगलं तर श्वानोमाकडे (मज्जातंतूच्या आवरणाची गाठ). ज्या लॅबकडे ही सोय स्वतःची नाही तिथून ब्लॉक पुण्या-मुंबईला जातो. वेळ लागतो, पण उत्तर सहसा बरोबर येतं. एकच उणीव आहे. गाठ जठराची असेल तर एसडीएचबी हा आणखी एक डाग लावायला हवा, विशेषतः पेशंट तरुण असेल, गाठ अनेक गुठळ्यांची असेल किंवा पेशी एपिथेलिऑइड (लांबट नव्हे, गोलसर) असतील तेव्हा. हा रंग गाठीतून नाहीसा झाला आणि रक्तवाहिन्यांच्या अस्तरात राहिला, तर ती एसडीएच-डेफिशियंट जिस्ट. ही जात जठरातच होते, लिम्फ नोडमध्ये जाते, यकृतातही पोहोचते, आणि तरीही पुष्कळदा वर्षानुवर्षं संथ राहते. वरचा आकार-मायटोसिसचा तक्ता तिला लागूच पडत नाही आणि इमॅटिनिबचाही तिच्यावर फारसा उपयोग होत नाही. ठिकाण माहीत नसेल तर हा डाग लावायचं कुणाला सुचणार?

जनुक चाचणीचंही तसंच. १९९८ मध्ये जपानमध्ये सेइइची हिरोता आणि सहकाऱ्यांनी जिस्टमध्ये किट जनुकातला बिघड दाखवला, तिथून या आजाराचं सगळं चित्र बदललं. किटच्या एक्सॉन ११ मधला (एक्सॉन म्हणजे जनुकाचा तुकडा) बिघड सगळ्यात जास्त गाठींत सापडतो आणि तो कुठेही असू शकतो. एक्सॉन ९ चा बिघड मुख्यतः लहान आतड्याच्या गाठीत. पसरलेल्या आजारात अशा पेशंटला ४०० ऐवजी ८०० मिलिग्रॅम इमॅटिनिबचा विचार होतो. पीडीजीएफआरए जनुकातला बिघड बहुतेक वेळा जठरातच, आणि त्यातला डी८४२व्ही हा प्रकार इमॅटिनिबला दाद देत नाही. त्यासाठी ॲव्हाप्रिटिनिब हे वेगळं औषध अमेरिकेत २०२० मध्ये मंजूर झालं. ड्युओडेनम किंवा जेजुनममध्ये एकाहून अधिक लहान लहान जिस्ट आणि अंगावर कॉफीच्या रंगाचे डाग असतील तर न्यूरोफायब्रोमॅटोसिस हा जनुकीय आजार तपासायचा. ही चाचणी त्याच ब्लॉकवर होते, नव्यानं बायोप्सी लागत नाही. ती महाग आहे हे खरं. पण चालणारच नाही असं औषध तीन वर्षं घेण्यापेक्षा ती स्वस्त पडते.

रिपोर्टच्या शेवटी धोक्याचा गट लिहिलेला असतो, तिथे कोणता तक्ता वापरला ते नाव हवं. मिएटिनेन-लासोतांचा तक्ता, फिनलंडच्या हेइक्की योएन्सू यांनी २००८ मध्ये सुधारलेला एनआयएच (अमेरिकेची राष्ट्रीय आरोग्य संस्था) तक्ता आणि कॅन्सरची स्टेज ठरवणाऱ्या एजेसीसी या अमेरिकन समितीची आठवी आवृत्ती हे तिन्ही ठिकाण विचारतात, पण उत्तर एकच देत नाहीत. ६ सेंटिमीटर आणि ३ मायटोसिस असलेली जठराची गाठ योएन्सूंच्या तक्त्यात मध्यम धोक्याची ठरते, तीच आतड्याची असेल तर उच्च. एजेसीसीत तर स्टेज ठरवायला दोन वेगळे तक्तेच आहेत: जठर आणि ओमेंटम एकीकडे, लहान आतडं, अन्ननलिका, मोठं आतडं, गुदाशय, मेसेंटरी दुसरीकडे. ४ सेंटिमीटरची, मायटोसिस जास्त असलेली गाठ पहिल्या तक्त्यात स्टेज २, दुसऱ्यात स्टेज ३-बी. जुन्या टेम्प्लेटमधून कॉपी झालेल्या रिपोर्टमध्ये आतड्याच्या गाठीला जठराचा तक्ता लावलेला दिसू शकतो. हे तपासायला डॉक्टर असावं लागत नाही, दोन ओळी शेजारी ठेवून वाचाव्या लागतात.

गुदाशय, ड्युओडेनम आणि जठर-अन्ननलिकेचा सांधा या तीन ठिकाणी आणखी एक पेच आहे. थेट काढायला गेलं तर गुदद्वार तरी जाईल किंवा व्हिपलसारखं मोठं ऑपरेशन तरी होईल, म्हणून आधी काही महिने इमॅटिनिब देऊन गाठ आटवली जाते. औषधानं आटलेल्या गाठीत मायटोसिस नाहीसे होतात. त्या नमुन्यावर ‘मायटोसिस १, कमी धोका’ असं कुणी लिहिलं तर ते वाक्य निरर्थक आहे. औषध सुरू करण्याआधीच्या सुईच्या बायोप्सीत जे मोजलं तेच शेवटपर्यंत धरायचं. म्हणून तो पहिला रिपोर्ट हरवू देऊ नका.

उच्च धोक्यात इमॅटिनिब तीन वर्षं का, याचं उत्तर २०१२ मध्ये आलेल्या युरोपीय चाचणीत आहे. एक वर्ष औषध घेणाऱ्यांपैकी पाच वर्षांनी ८१.७ टक्के हयात होते, तीन वर्षं घेणाऱ्यांपैकी ९२ टक्के. आणि कमी धोक्याच्या जठराच्या गाठीत ते देण्याची गरजच नसते. सूज, पेटके, मळमळ विकत घेऊ नये. ४०० मिलिग्रॅमची गोळी भरपेट जेवणाबरोबर आणि मोठा ग्लासभर पाण्यानं घ्यायची. डोळ्यांखाली सूज बहुतेकांना येते. घरात कुणाचा टीबीचा कोर्स चालू असणं वेगळं, पण पेशंटलाच रिफॅम्पिसिन सुरू झालं तर रक्तातलं इमॅटिनिब खूप खाली जातं. दोन्ही डॉक्टरांना एकमेकांचे कागद दाखवा. १ एप्रिल २०१३ ला सर्वोच्च न्यायालयानं ग्लिवेकच्या (इमॅटिनिबचा मूळ ब्रँड) पेटंटची मागणी फेटाळली, त्यामुळे भारतीय कंपन्यांच्या जेनेरिक गोळ्यांची वाट मोकळी राहिली. महात्मा फुले योजनेत काय बसतं ते हॉस्पिटलातल्या आरोग्यमित्राला ऑपरेशनच्या आधीच विचारावं, नंतर नव्हे.

दुसरं मत घ्यायला मुंबईला, परळच्या टाटाला जायचं असेल, तर नुसता रिपोर्ट नेऊन भागत नाही. लॅबकडून सगळ्या स्लाइड आणि किमान एक चांगला, गाठीनं भरलेला ब्लॉक मागून घ्या. तो पेशंटला मागता येतो. लॅब पावतीवर सही घेते. ब्लॉक म्हणजे मेणात बसवलेला ऊतीचा तुकडा, ते मेण साधारण ५६ ते ६० अंशांना वितळतं. मे महिन्यात दुचाकीच्या डिकीत किंवा गाडीच्या काचेपाशी ठेवू नका. स्लाइड खाचांच्या प्लास्टिक डब्यात, ब्लॉक कापसात गुंडाळून वेगळ्या डबीत. महालक्ष्मी एक्स्प्रेसनं जाणार असाल तर हे सामान बर्थखालच्या बॅगेत न टाकता हातातल्या पिशवीत ठेवा, आणि त्याच पिशवीत ऑपरेशनच्या नोंदीची झेरॉक्स घाला, जिच्यावर सर्जनच्या हातानं लिहिलेलं असेल की गाठ जठराची होती की आतड्याची, आणि अखंड निघाली होती की नाही.